पोर बाटलीवर हाय

त्या साली भात दोनदा लावावं लागलं. जुलैच्या पुरात पहिली लावणी खाडीच्या पोटात गेली. पाणी उतरल्यावर सीताबाई नात्यागोत्यात फिरली, आवणाच्या, म्हणजे भातरोपांच्या, मुठी गोळा करून आणल्या आणि ऑगस्टात चिखल परत तुडवला. म्हणून कापणी लांबत लांबत दिवाळीच्या पलीकडे जाऊन पडली. भाऊबीज झाली, पाहुणे आले-गेले, तरी शेत उभंच. त्यात रोज दुपारी आभाळ भरून यायचं, आणि सीताबाई दारात उभी राहून त्याला शिव्या घालायची.

शेत दीड एकराचं. कोन गावच्या वेशीबाहेर, कल्याण-भिवंडी रस्त्यापासून थोडं आत. तीन वर्षांपूर्वी भाविका या घरात सून म्हणून आली तेव्हा शेताच्या तिन्ही अंगांना करवंदीच्या जाळ्या आणि बोरी-बाभळी होत्या. आता तिथं गोदामं होती. पांढऱ्या पत्र्यांची, डोळ्यांवर ऊन फेकणारी. गेटावर वॉचमन, गेटाबाहेर ट्रक, ट्रकांच्या सावलीत निजलेले क्लीनर. मधोमध हा पिवळा तुकडा आणि त्यात एकुलती एक जांभळ. जांभळीच्या फांदीला झोळी बांधून भाविका पाच महिन्यांच्या मनालीला त्यात निजवायची आणि विळा घेऊन वाकायची. दर दीड-दोन तासांनी दूध दाटून चोळी ओली व्हायची. तेच तिचं घड्याळ. चोळी भिजली की ती सरळ होऊन झोळीकडे चालू लागायची, पोर रडायच्या आधीच.

कापणीच्या तिसऱ्या दिवशी पहाटेपासून तिचं पोट वाहायला लागलं. उजाडायच्या आत दोनदा, चहानंतर दोनदा आणि एक उलटी. तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगून करायचं काय होतं? माणसं होती तीन: ती, सासू आणि शेजारची गोदू. गोदूच्या शेतावर या दोघी गेल्या आठवड्यात राबून आल्या होत्या, त्याची ती फेड करत होती. धनेशला, भाविकाच्या नवऱ्याला, टेम्पोवरून सुट्टी नव्हती. एक बाई कमी झाली तर उभं भात आणखी दोन दिवस आभाळाखाली राहिलं असतं.

शेतावर पोचल्यावर खरी पंचाईत झाली. आड म्हणून काही उरलंच नव्हतं. पहिल्यांदा ती डबा घेऊन गोदामाच्या मागच्या भिंतीला गेली, तर वॉचमननं वरून खाकरलं आणि खाकरतच राहिला. दुसऱ्यांदा ती ट्रकांच्या रांगेआड बसली. उठून वळली तर एक क्लीनर टायरला टेकून दात घासत होता. तो नुसता हसला. ती परत आली ती कानापर्यंत तापलेली. आल्यावर तिनं पाण्याची कळशी उचलून झाडामागे ठेवली, दिसायलाच नको म्हणून. आत काही गेलं नाही तर बाहेर काही येणार नाही, एवढाच तिचा हिशोब. तो तिच्या एकटीचा नव्हता. गोदामं आल्यापासून कोनच्या सगळ्याच बायका शेतावर पाणी जपून पीत. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, आणि त्यावर कुणी बोलतही नव्हतं.

दहाच्या सुमाराला सीताबाईनं तिच्याकडे निरखून बघितलं. विळा कमरेला खोचून जवळ आली.

"पोट वाहतंय का गो?"

भाविकानं मान हलवली.

"मंग पानी नको पिऊ. ठरत न्हाय तं वरून वतून काय उपेग? ही चघल." कनवटीतून सुंठेचा तुकडा काढून तिनं सुनेच्या तळहातावर ठेवला, आणि तिच्या वाट्याच्या ओळीतली अर्धी ओळ आपल्याकडे घेतली. सीताबाईला तेच येत होतं. तिची चार पोरं तिनं अशीच वाढवली होती, पोट बिघडलं की पाणी तोडून.

त्या सकाळी भाविकानं मनालीला चार वेळा पाजलं. चौथ्या वेळी पोर ओढायची, सोडायची, तोंड वाकडं करून रडायची, पुन्हा धरायची. चोळी कोरडी होती. ती कोरडी आहे हे भाविकाला कळलं, पण कळून त्याचा अर्थ काही लागेना. डोकं पेंढ्यानं भरल्यासारखं झालं होतं. तिनं पोरीला झोळीत टाकलं आणि पुन्हा वाकली. मग पोटऱ्यांत गोळे आले. विळ्याच्या मुठीवर बोटं अशी वळली की उघडेनात. तिनं दुसऱ्या हातानं ती सोडवायला बघितली तर दुसराही हात वळला. गोदू काहीतरी बोलत होती. गोदूचं तोंड उलटं का दिसतंय, ते तिला कळेना. आभाळ मात्र अगदी जवळ आलं होतं, आणि पोरीचं रडणं लांब, कुठल्या तरी गोदामाच्या आतून आल्यासारखं.

शुद्ध आली तेव्हा कुठंतरी झोडणी चालली होती. खट्याक खट्याक, खट्याक खट्याक, एका लयीत, न थांबता. एवढ्या लोकांना कुणी बोलावलं, असं तिला वाटलं. भारे आणले कधी, वाळले कधी?

"झोडतात कोन?" तिनं विचारलं. जीभ चामड्याची झाली होती, टाळ्याला चिकटून सुटेना.

धनेश बाजूला स्टुलावर बसला होता. दाढी वाढलेली. तो म्हणाला, कापडाचे लूम आहेत, खालच्या गल्लीत, आपण भिवंडीत दवाखान्यात आहोत. तिनं ऐकलं, पण ते आत शिरलं नाही. डोक्यावर एक बाटली उलटी टांगली होती आणि तिच्यातून थेंब थेंब तिच्या हातात उतरत होतं.

"चार बाटल्या चढल्या तुना," धनेश म्हणाला. "ही पाचवी. तीन दिस झाले."

तीन दिवस कुठले? आत्ता तर ती वाकली होती. काहीतरी महत्त्वाचं विचारायचं होतं. ते जिभेच्या टोकावर येऊन बसलं, आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"विला कुठाय?"

"घरी हाय."

आणि मग तिला आठवलं की विळा नाही, पोर. आधी पोर विचारायला हवी होती. आई असून तिनं आधी विळा विचारला. याची तिला एवढी लाज वाटली की पुढचा प्रश्न आणखी हळू निघाला. धनेशनं बाटलीकडे बघत सांगितलं, बरी हाय, घरी हाय, गोदूजवल. बाटलीकडे बघत का सांगितलं? तिच्याकडे का नाही?

नंतर ती झोपली, उठली, पुन्हा झोपली. प्रत्येक वेळी वेगळा माणूस स्टुलावर असायचा. कधी धनेश, कधी सीताबाई, एकदा तिला तिची मेलेली आजी दिसली आणि तिनं तिच्याकडे पाणी मागितलं. आजी म्हणाली, घे की, कोण अडवतंय? पण उठून बघते तर सीताबाई चमच्यानं तिच्या ओठांत काहीतरी खारट-गोड घालत होती. मध्येच वीज जायची, लूम एकदम बंद पडायचे, आणि त्या शांततेनं ती दचकून जागी व्हायची. काय झालं, काय झालं, असं विचारायची. काही नाही, भारनियमन, असं सगळे सांगायचे.

खोलीत तीन खाटा होत्या. मधल्या खाटेवर आयत नावाची सहा वर्षांची मुलगी होती. तिच्याही हाताला सुई. सुई हलू नये म्हणून हाताखाली पुठ्ठ्याची पट्टी देऊन वर पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली. तिची आई रशिदा, पस्तिशीची, भरल्या अंगाची, पाय खाटेवर घेऊन बसायची आणि सगळ्या खोलीशी बोलायची. खाली वाजतात त्यातले आठ लूम आपल्या नवऱ्याचे, असं तिनं भाविकाला दोनदा सांगितलं. भाविकाला दोन्ही वेळा ते नवीन वाटलं. सिस्टर आली की दारातूनच विचारायची, कितव्या बाटलीवर आहे पेशंट? आणि रशिदा दोन्ही खाटांचं उत्तर द्यायची: ही सहाव्या, माझी तिसऱ्या.

सिस्टरचा दुसरा प्रश्न ठरलेला असायचा: लघवी झाली का? भाविकाच्या हाताची कातडी चिमटीत धरून ती सोडायची आणि बघत राहायची. कातडी उभीच्या उभी, तंबूसारखी. सीताबाई खालच्या मानेनं म्हणायची, न्हाय झाली. मग डॉक्टर मॅडम विचारायच्या, मग धनेश आला की तोही सगळ्यांसमोर विचारायचा. लग्नाला तीन वर्षं झाली तरी ज्या गोष्टीचं नाव नवऱ्यासमोर तिनं घेतलं नव्हतं, तिची चौकशी तो दारात उभा राहून करत होता, जेवलीस का म्हणावं तशी. एवढं काय आहे त्यात, हे तिला कळेना. ती तोंड भिंतीकडे वळवायची.

चौथ्या दिवशी दुपारी वीज गेली आणि लूम थांबले. भाविका डोळे मिटून पडली होती. दाराबाहेर सीताबाई धनेशशी बोलत होती. लूम चालू असते तर ऐकूही आलं नसतं.

"पोर बाटलीवर हाय," सीताबाई म्हणाली. "परवापास्नं. तिला सांगू नको, हाय खाऊन बसंल."

धनेशनं काहीतरी विचारलं. सीताबाई म्हणाली, रातभर रडली, आत्ता जरा निजली.

भाविकानं डोळे उघडले नाहीत. पापण्यांच्या आत सगळं पांढरं झालं. मग ते हळूहळू, एकेक करून, जागच्या जागी बसत गेलं. धनेश बाटलीकडे बघत का बोलत होता ते. पोरीला आणा म्हटलं की सासू, इथं सगळी आजारी माणसं, लहान जीव कशाला, असं का म्हणत होती ते. त्या सकाळी तिनं चार वेळा पाजलं होतं. पोट वाहत असताना, उलटी होत असताना. अंगावरचं बाधलं. तिच्या माहेरी बायका म्हणायच्या, आईला बाधलं की दुधातून पोराला बाधतं. तिनं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या अंगानं पोरीत ते घातलं होतं.

तिनं मान वळवून आयतच्या हाताकडे बघितलं. पुठ्ठ्याची पट्टी तिच्या कोपरापर्यंत येत होती. मनालीचा हात याच्या निम्मा. मनगट म्हणजे भाविकाच्या अंगठ्याएवढं. तिथं सुई घालतात कुठं? शीर सापडते कुठं? रडताना ती हात झाडते. कोण धरून ठेवतं तिचा हात, आणि किती दाबून?

सीताबाई आत आली तेव्हा तिनं विचारलं, मनाली कुठंय.

"घरी. गोदूजवल."

"खरं सांगा आई."

"खरंच सांगते. झोप तू." आणि सीताबाईनं पदरानं तोंड पुसलं. उकडत होतं म्हणून पुसलं की डोळे पुसले, ते कळलं नाही. थोड्या वेळानं ती चहा आणायला खाली गेली. रशिदाचाही डोळा लागला होता.

भाविका उठली. उठता येतंय याचं तिला नवल वाटलं. टांगलेली बाटली तिनं खिळ्यावरून काढून हातात घेतली आणि अनवाणी दाराबाहेर पडली. दवाखाना मोठा नव्हता, भिवंडीच्या टेमघर भागातल्या एका इमारतीचा दुसरा मजला. कुठल्या तरी खोलीत लहान पोरं असणार. पहिल्या दारात तिनं डोकावलं: पुरुष, लुंगीवर पडलेले, एकानं घाईनं चादर ओढून घेतली. दुसरं दार बंद. तिसऱ्यात औषधांची कपाटं. बाटली तिनं कमरेशी धरली होती. नळीतून तिचंच रक्त वर चढत होतं, लाल दोरा खेचल्यासारखं, आणि ते बघत ती उभी राहिली. आपण बाटलीत चाललो की काय, असं तिला वाटून गेलं. भिंतीला घासत ती खाली बसली, आणि बसल्या जागी तिला काही आवरलं नाही. ऊन ऊन पाणी मांडीखालून निघालं, लुगडं भिजलं, फरशीवर ओघळ गेला, अगदी पुरुषांच्या खोलीच्या दारापर्यंत.

जिन्यावरून सीताबाई चहाची किटली घेऊन वर येत होती. तिनं बघितलं आणि किटली तिथंच ठेवली. सिस्टर धावत आली. भाविकानं दोन्ही हातांनी तोंड झाकायला घेतलं, तर सिस्टरनं आधी बाटली तिच्या हातून घेऊन उंच धरली आणि खाली बघितलं.

"झाली," सिस्टर म्हणाली. "आजी, झाली लघवी."

"झाली गो," सीताबाई म्हणाली. मग तिनं मोठ्यानं रशिदाला हाक मारून सांगितलं, झाली म्हणून. रशिदा झोपेतून उठून दारात आली आणि तिनंही वर बघून देवाचे आभार मानले. सीताबाईनं पिशवीतलं जुनं लुगडं काढलं आणि सगळ्यांसमोर फरशी पुसली, कोपऱ्याकोपऱ्यातून, अंगण सारवल्यासारखी. पुसताना ती हसत होती आणि तिच्या नाकावरून पाणी टपकत होतं. भाविका सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिची पोर कुठंतरी सुई टोचून पडली होती, ती स्वतः ओल्यात बसली होती, आणि ही माणसं आनंदात होती. आपण मेलो आहोत आणि हे दुसरीकडचे लोक आहेत, असाही विचार तिच्या मनात आला.

संध्याकाळी डॉक्टर मॅडमनी सांगितलं, किडन्या चालू झाल्या, धोका टळला. मग त्यांनी विचारलं, हिला तान्हं बाळ आहे ना, ते कुठं आहे? सीताबाईनं काहीतरी पुटपुटलं. मॅडम रागावल्या. उद्या बाळाला आणा म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीताबाई मनालीला घेऊन आली. टोपडं, काजळ, गालावर तीट. भाविकानं तिला ओढून घेतलं आणि आधी हात बघितले. उजवा, मग डावा, मनगट, कोपराची घडी. मग पायाचे घोटे. टोपडं काढून टाळू चाचपली, कारण लहान पोरांना डोक्यातही सुई देतात असं तिनं ऐकलं होतं. कुठं काही नव्हतं. इतक्या लवकर खूण जाते? पोर तिच्याकडे अनोळखी असल्यासारखी टकमक बघत होती. मग तिनं चोळीचा वास घेतला आणि तोंड लावून शोधायला लागली.

"घे पाजायला," सीताबाई म्हणाली. "हुंगतंय बघ."

भाविकानं पदर घट्ट ओढून घेतला. पोरीचं तोंड तळहातानं मागं लोटलं.

"नको. माज्या अंगावर नको तिला."

पोर रडायला लागली. भाविकानं तिला सासूकडे दिली आणि भिंतीकडे तोंड केलं. सीताबाई पोरीला घेऊन उभीच राहिली. खाली लूम वाजत होते.

"मना ठावं हाय तू का रागावलीस," सीताबाई म्हणाली. तिचा आवाज शेतातला नव्हता, कुणाच्या तरी दारात उभं राहून बोलावं तसा होता. "मीच पानी तोडलं तुजं. डॉक्टरीन बोलली मना, अजून दोन तास झालं असतं तं गेली असती. मना काय कललं व्हतं? माज्या सासूनं मना तसंच केलं, मी पोरांना तसंच केलं. तू मना बोल, काय बोलायचं तं. पोरीवर नको काढू."

भाविका गोंधळून वळली. पाण्याचं काय? पाणी तर तिनंच लपवलं होतं, झाडामागं, क्लीनर हसला म्हणून. सासूनं नको म्हणायच्या आधीच. हे सांगायला हवं होतं, पण आधी दुसरं विचारणं जास्त गरजेचं होतं.

"तिची बाटली कवा काढली?"

"कोनची?"

"मनालीची. मी आयकलं तुमचं. परवापास्नं बाटलीवर हाय बोलल्या तुमी."

सीताबाईचा चेहरा उतरला. तिनं रशिदाकडे चोरून बघितलं. "आत्ताच काढली," ती हळू म्हणाली. "पिशवीत हाय."

"पिशवीत?"

सीताबाईनं एका हातानं पिशवी चाचपली. फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, फडकं सोडलं, आणि ते पदराआड धरूनच सुनेला दाखवलं. आखूड बाटली, तळाशी दोन बोटं दूध, वर रबराचं बोंड.

"काय करू मंग," ती म्हणाली. "पोर उपाशी मरत व्हती. चार पोरं अंगावर वाडवली गो मी, या घरात कदी बाटली आली न्हाय. धनेशच्या हातून आनवली. गोदूला पन सांगितलं, कुनाला बोलू नको. तुना कललं असतं तं तुजं व्हतं न्हवतं ते पन सुकलं असतं."

भाविका बाटलीकडे बघत राहिली. मग आयतच्या खाटेवर टांगलेल्या बाटलीकडे. पुन्हा हिच्याकडे. रशिदाला आधी कळलं. ती पोट धरून हसायला लागली.

"या अल्ला, हिला वाटलं सलाईन," रशिदा म्हणाली. "अगो, एवढीशी पोर, तिला सलाईन लावून घरी ठेवतात का, गोदूकडं?" आणि हसता हसता तिनं आयतचा पट्टी बांधलेला हात उचलून आपल्या गालाला लावला.

भाविकाला हसू आलं नाही, रडूही नाही. डोक्यात एक गाठ सुटली होती, पण दोरा कुठून कुठं गेला ते अजून दिसत नव्हतं. सिस्टर आली तेव्हा तिनं विचारलं, माझं दूध बाधेल का पोरीला? सिस्टर म्हणाली, नाही बाधत, हात धुवायचे आणि पाजायचं. भाविकानं पोरीला छातीशी घेतलं. मनालीनं धरलं, दोनदा ओढलं, आणि फसवल्यासारखं तोंड काढून किंचाळली. काहीच नव्हतं. छाती रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती.

"येईल," सिस्टर म्हणाली. "कोरडं तर कोरडं, ओढू दे तिला. ओढण्यानंच येतं. आणि तू पाणी पी. तहान नसली तरी पी." किती दिवसांत, ते मात्र तिनं सांगितलं नाही. विचारल्यावर म्हणाली, कुणाला चार दिवस, कुणाला दहा. कुणाला नाही येत.

घरी आल्यावर भाविकानं सासूला कळशीचं सांगितलं. सीताबाई भाकरी थापत होती. क्लीनरपर्यंत सगळं ऐकून घेतलं, आणि बराच वेळ भाकरीच थापत राहिली, नको तेवढी पातळ होईपर्यंत. मग म्हणाली, "मी पन पीत न्हाय गो शेतावर." एवढंच. धनेश ओट्यावर बसून ऐकत होता. रविवारी तो चार वासे आणि गोणपाटाचा गठ्ठा घेऊन एकटाच शेतावर गेला आणि बांधाला आडोसा उभा करून आला. काय करून आला ते त्यानं सांगितलं नाही. गोदूनं सांगितलं.

भात कापून झालं होतं. भाविका पडून होती तेव्हा गोदू आणि तिच्या जावा येऊन उरकून गेल्या होत्या. आता अंगणातल्या खळ्यात झोडणी चालली होती. भाविकाला भारा उचलायची परवानगी नव्हती. ती ओटीवर खांबाला टेकून बसायची. शेजारी तांब्या, मिठा-साखरेच्या पाण्याचा. तो संपेपर्यंत सीताबाई खळ्यातून नजर ठेवायची, आणि संपला की येऊन भरून जायची. पोटात पाणी डुचमळायचं, उठताना अंधारी यायची. तांदळाची पेज, पुन्हा पाणी, पुन्हा पेज. कधी कधी पेला तोंडाशी नेताना ती थबकायची, बाहेर जायला जागा आहे का ते आठवून बघायची, आणि मग आठवायचं की आपण घरी आहोत.

पहिल्या दिवशी मनालीनं तिला ओरबाडलं. दुसऱ्या दिवशी छातीकडे नेलं की ती पाठीचं धनुष्य करून मागं जायची. तिला बाटली माहीत झाली होती. बाटलीतून न ओढता येतं, हे तिला कळलं होतं. आणि ती सीताबाईला बघून हसायची, कारण बाटली सीताबाईच्या हातात असायची. ते हसू बघितलं की सीताबाई चोरासारखी खाली बघायची. तिसऱ्या दिवशी सीताबाईनं बाटलीचा वेळ लांबवला. पोर कळवळून रडत होती आणि सीताबाई स्वयंपाकघरात कानांवर हात ठेवून उभी होती. भाविकानं ते बघितलं आणि स्वतः उठून बाटली भरून दिली. आपण बरोबर केलं की चुकलो, ते तिला कळेना. चौथ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी पोरीनं धरलं, पण नुसतंच, चाळा म्हणून. कधी धरलेलं असतानाच झोपून जायची. दूध मिळतंय म्हणून झोपली की दमून झोपली? भाविका चोळी दाबून बघायची. कधी बोटाला ओल लागल्यासारखी वाटायची, कधी ती घामाची असायची.

सहाव्या दिवशी, दहाचं ऊन ओटीवर चढत होतं. खळ्यात सीताबाई, गोदू आणि गोदूची जाऊ ओळीनं फळ्यांवर भारे झोडत होत्या. दाणे उडून ओटीपर्यंत येत होते. मनालीनं धरलं आणि ओढायला लागली, आज जरा जोरानं. छातीत खोलवर, काखेच्या बाजूला, काहीतरी टोचलं. मुंग्या आल्यासारखं. भाविका ताठ बसली. पोरीच्या घशाचा आवाज येतो का म्हणून तिनं कान खाली नेला, पण खळ्यात धपाधप चालली होती. तिनं एक बोट पोरीच्या हनुवटीखाली, मऊ घडीत ठेवलं.

सीताबाईनं भारा डोक्यावर उचललेला होता. तिनं ओटीकडे बघितलं आणि हात तिथंच थांबवले.

"थांबा," ती म्हणाली. "झोडू नका."

गोदू थांबली, तिची जाऊ थांबली. उचललेले भारे वरच राहिले. सीताबाईच्या भाऱ्यातून सुटे दाणे तिच्या केसांवर, खांद्यावर पडत होते. लांब रस्त्यावर ट्रक जात होता, तो गेला.

"गिलतंय का?" गोदूनं हळूच विचारलं.

भाविकाला सांगता येईना. बोटाखाली काहीतरी हललं होतं, पण तो रडण्याचा उरलेला हुंदकाही असू शकत होता. ती श्वास धरून बसली. पोरीनं दोनदा ओढलं, थांबली. पुन्हा दोनदा ओढलं. आणि बोटाखालून एक लहानशी गोळी घसरत खाली गेली. मागोमाग दुसरी. मग तिसरी, घुटुक असा आवाज करून, ती तर गोदूनंही ऐकली. पोरीच्या ओठाच्या कडेनं एक पांढरी रेघ निघाली आणि मानेच्या वळीत शिरली.

"हां," भाविका म्हणाली.

सीताबाईनं मान हलवली आणि भारा फळीवर आपटला.